बिलावर देवाचा पत्ता

वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: पत्रलेखक ३८ वर्षांचे असून संगणक प्रणालींमधील चुका शोधून काढणे हा त्यांचा व्यवसाय आहे. ते नास्तिक आहेत, आई श्रद्धाळू आहे, आणि यावरून दोघांचे आजवर कधी वाजले नव्हते. काही महिन्यांपूर्वी वडिलांवर हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झाली. कित्येक तासांनी शल्यविशारदांनी बाहेर येऊन सारे ठीक असल्याचे सांगितले, तेव्हा आई डोळे मिटून म्हणाली, "देवानेच वाचवलं." त्यावर पत्रलेखक म्हणाले, "मग बिलही त्याच्याच नावाने काढायला सांगतो, फक्त पत्ता दे." जमलेले नातेवाईक हसले, आईही हसली. मात्र घरी परतल्यापासून संध्याकाळी सात वाजता मोठ्याने होणारी तिची प्रार्थना बंद दाराआड होऊ लागली आहे. माफी मागायला हवी, असे बहिणीचे म्हणणे आहे. पत्रलेखक विचारतात: "माझ्या वाक्यात तार्किक चूक एकही नाही. मग माफी कशाची मागायची? घरात शांतता राहावी म्हणून न पटणाऱ्या गोष्टींना मी मान डोलवायची का? आईजवळ हा विषय कसा काढावा, देव जाणे."

उत्तर:

तुमच्या सहा पानी पत्रात तर्काला साडेचार पाने मिळाली आहेत आणि त्या बंद दाराला एकच ओळ. पत्र लिहायला तुम्हाला दाराने बसवले आहे, असे मला वाटते. तर्काने बसवले असते, तर तुम्ही जिंकल्याचे समाधान मानून गप्प राहिला असता. म्हणून मी दारापासून सुरुवात करणार होते, परंतु दारापर्यंत जाण्याचा रस्ता तुमच्या तर्कातूनच जातो, तेव्हा आधी त्याच्याशीच दोन हात करू.

तुमचा विनोद वाचून मी हसले, हे आधीच कबूल करते. तो चांगला विनोद आहे आणि त्याचे कुळही जुने आहे. घोड्यांना हात असते आणि चित्रे काढता आली असती, तर त्यांनी देव घोड्यासारखेच काढले असते, असे झेनोफनीस या ग्रीक कवीने अडीच हजार वर्षांपूर्वी म्हणून ठेवले आहे. यज्ञात मारलेला पशू थेट स्वर्गात जात असेल, तर यजमान आपल्या बापालाच का बळी देत नाही, हा चार्वाकांच्या तोंडी असलेला प्रश्न १४व्या शतकात माधवाचार्यांनी चार्वाकमत मांडताना नोंदवला आहे, आणि तो टवाळ आहे म्हणून त्यांनी वगळला नाही. देवाधर्माची चेष्टा करणारा माणूस हा काही काल-परवा उपजलेला प्राणी नव्हे. त्यामुळे 'देवाची थट्टा करूच नये' हा बहिणीचा मुद्दा मी बाजूला ठेवते. ज्याने विश्व निर्माण केले, तो एका बिलाच्या विनोदाने दुखावला जाईल असे मानणे ही मला तुमच्या विनोदापेक्षाही मोठी अवज्ञा वाटते.

आता तुमच्या मूळ गृहीतकाकडे वळू. आपले वाक्य विनोद असले तरी आत तो एक युक्तिवाद होता, आणि युक्तिवाद बिनचूक असल्यामुळे विनोदही निर्दोष ठरतो, असे तुम्ही धरून चालला आहात. युक्तिवादाला समोर एक विधान लागते. आईने त्या कॉरिडॉरमध्ये नेमके कोणते विधान केले होते, हे तुम्ही कधी तपासले आहे का? तुम्ही ते असे वाचलेत: 'रुग्ण वाचण्याचे कारण देव, शल्यविशारद, भूलतज्ज्ञ आणि यंत्रसामग्री यांचा वाटा शून्य.' हे विधान असेल तर तुमचा विनोद त्याला चोख लागू पडतो. परंतु तुमच्याच पत्राच्या तिसऱ्या पानावर आईच्या वहीचा उल्लेख आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेली प्रत्येक गोळी, तिची वेळ, ती दिल्याची खूण आणि शेजारी त्या दिवशीचा रक्तदाब अशी चार रकान्यांची वही ती रोज भरते, आणि एकदा तुमच्याकडून सकाळची खूण राहिली तेव्हा तिने गोळ्यांची पट्टी उलटी करून रिकामी घरे मोजली, असे तुम्ही कौतुकाने लिहिले आहे. शल्यविशारदांचा वाटा शून्य मानणारी बाई रिकामी घरे मोजत बसत नाही. म्हणजे एक तर तुमची आई ढळढळीत विसंगत आहे, किंवा 'देवानेच वाचवलं' हे वाक्य तुम्ही समजता ते काम करत नाही. समोरच्याच्या म्हणण्याचा सर्वांत सुसंगत अर्थ आधी घ्यावा आणि मग खंडन करावे, हा वादाचा जुना नियम आहे. तो पाळला असता, तर खंडन करण्याजोगे तुमच्या हाती फारसे काही उरले नसते.

मग ते वाक्य कोणते काम करत होते? कित्येक तास आवळून धरलेला श्वास सोडण्याचे. आभार मानायचे आहेत, पण ते एका माणसाच्या मापाचे नाहीत, अशी माणसाची अवस्था होते. तेव्हा जिभेवर जो शब्द तयार असतो, तो येतो. हे तुम्हाला पटणार नसेल, तर तुमच्याच पत्राची शेवटची ओळ वाचा. 'हा विषय कसा काढावा, देव जाणे' असे तुम्ही लिहिले आहे. एका नास्तिकाने आपल्या घरातील अडचणीचे ज्ञान देवाच्या ठायी असल्याचे लेखी मान्य केले, असा निष्कर्ष मी काढलेला नाही, आणि त्याचा पत्ताही तुमच्याकडे मागितलेला नाही.

आस्तिकांचे दावे तपासायचेच नाहीत, असे मात्र मी म्हणत नाही. सर्वांत मार्मिक उदाहरण फ्रान्सिस गाल्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञांचे आहे. राजघराण्यांच्या दीर्घायुष्यासाठी सार्वजनिक प्रार्थना होतात. त्या फळत असतील, तर राजे इतरांहून अधिक जगायला हवेत, असा सरळ हिशेब १८७२ साली त्यांनी मांडला. आकडे पाहिले, तर राजघराण्यातील व्यक्तींचे सरासरी आयुष्य सुमारे ६४ वर्षे निघाले, आणि त्यांच्या तक्त्यातील सुखवस्तू वर्गांमध्ये ते सर्वांत कमी होते. टवाळी म्हणून हे अस्सल आहे. अपघाती मृत्यू वगळण्याइतकी काळजीही त्यांनी घेतली होती. पण त्याच लेखात, प्रार्थनेने मनावरचा भार हलका होतो ही गोष्ट आपण नाकारत नाही, असेही ते स्पष्ट करतात. मोजता येण्याजोगा दावा त्यांनी मोजला आणि जो दावा नव्हताच, तो जागच्या जागी राहू दिला. बायपास झालेल्या १,८०२ रुग्णांवरचा २००६ साली प्रसिद्ध झालेला अमेरिकी अभ्यास तुम्हाला ठाऊक असेलच. तुमच्यासारख्यांच्या हाती तो लागल्याशिवाय राहत नाही. परक्यांनी केलेल्या प्रार्थनेमुळे गुंतागुंत कमी झाली नाही, उलट आपल्यासाठी प्रार्थना होत आहे हे ज्यांना नक्की सांगितले होते, त्यांच्यात ती ५९ टक्के आढळली; तसे नक्की न सांगितलेल्यांत ती ५१-५२ टक्के होती. अभ्यास खरा आहे आणि मोलाचाही. कृपा करून तो आईपुढे ठेवू नका. तिने तुम्हाला प्रार्थनेच्या परिणामकारकतेविषयी काहीही विचारलेले नाही.

तर्काच्या मर्यादेविषयी तुम्ही थोडे चिडून विचारले आहे, कारण तुमच्या मामांनी म्हणे 'तर्काला मर्यादा असतात, हे गोडेलने सिद्ध केलंय' असे सांगून तुम्हाला गप्प केले. मामांना माझा निरोप द्या की, गोडेल या तर्कशास्त्रज्ञांनी १९३१ साली जे सिद्ध केले, ते अंकगणित सामावण्याइतक्या समर्थ आणि विसंगतीमुक्त औपचारिक प्रणालींविषयी होते: अशा प्रणालीत काही विधाने अशी राहतात की ती तिथल्या नियमांनी सिद्धही करता येत नाहीत आणि खोडताही येत नाहीत. त्यावरून कोणाचेही दैवत सिद्ध होत नाही. गंमत म्हणजे, त्याच गोडेल यांनी ईश्वराच्या अस्तित्वाची एक तर्कसिद्धता लिहून ठेवली होती आणि १९७० मध्ये ती एका सहकाऱ्याला दाखवली होती. २०१३ साली दोन संशोधकांनी ती संगणकाकडून तपासून घेतली. त्या सहकाऱ्याने किंचित सुधारलेल्या रूपात एकेक पायरी बरोबर निघाली. गोडेल यांच्या मूळ मांडणीतील गृहीतके मात्र परस्परविसंगत असल्याचे संगणकानेच दाखवून दिले. चूक सापडली म्हणून कोणी प्रार्थना सोडल्याचे किंवा दुरुस्ती झाली म्हणून कोणी हात जोडल्याचे माझ्या ऐकिवात नाही. चुका शोधण्याच्या तुमच्या व्यवसायातली इतकी देखणी घटना दुसरी नसेल, आणि तिचा निष्कर्ष तुमच्याही बाजूचा नाही, मामांच्याही नाही.

तर्काची खरी मर्यादा मामांना वाटते तिथे नसून त्याहून पुष्कळ साध्या जागी आहे. तर्क गृहीतकांतील सत्य निष्कर्षापर्यंत सांडू न देता पोहोचवतो. गृहीतके त्याला बाहेरून आणून द्यावी लागतात. १८९५ साली 'ॲलिस इन वंडरलँड'चे लेखक लुईस कॅरल यांनी कासव आणि ग्रीक वीर अकिलीस यांचा एक छोटा संवाद लिहिला. त्यातले कासव दोन्ही गृहीतके मान्य करते, पण 'म्हणून निष्कर्षही मान्य केलाच पाहिजे' हे काही केल्या मान्य करत नाही. अकिलीस बिचारा तोच नियम आणखी एक गृहीतक म्हणून वहीत लिहून घेतो; कासव तेही मान्य करते आणि पुन्हा निष्कर्षाशी अडते, आणि वही भरत जाते. मान्य करणे ही कृती शेवटी माणसाला करावी लागते, तर्क ती त्याच्याकडून ओढून काढू शकत नाही. शिवाय 'काय आहे' अशा कितीही विधानांतून 'काय करावे' हे आपोआप निघत नाही, हे तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनी १७४० सालीच दाखवले होते. तुमच्या वाक्यात तार्किक चूक नव्हती, हे मी मान्य करते; पण ते त्या क्षणी, त्या बाईला म्हणावे की नाही, हा प्रश्न त्या वाक्याच्या निर्दोषपणातून सुटणारा नव्हताच. तुम्ही चाचणी उत्तीर्ण झालात, फक्त ती दुसऱ्याच प्रणालीची होती.

म्हणजे आई विनोद न पेलणारी आहे का? इथे मला तुमच्या पत्रातली आणखी एक ओळ महत्त्वाची वाटते. वडिलांच्या तपासण्यांचे निकाल वाईट येत होते, त्या दिवसांत ती संध्याकाळी देवालाच "कान फुटले का रे तुझे?" म्हणून झापायची, असे तुम्ही लिहिता. ही परंपरा तर आपल्या भाषेत भलतीच समृद्ध आहे. जनाबाई विठ्ठलाला 'विठ्या' म्हणतात, 'कारट्या' म्हणतात, आणि पुढे जे म्हणतात ते या सदरात छापायला माझीही जीभ चाचरेल. तुकोबा तर माझ्या लेखी देव मेला, असे सरळ जाहीर करून मोकळे होतात. त्यापुढे तुमचे बिल म्हणजे फारच सोवळे. तरीही जनाबाईंची शिवी कोणाला बोचत नाही, याचे कारण शब्दांत नसून त्या कुठे उभ्या आहेत यात आहे. ज्याला शिवी द्यायची, त्याच्याशीच त्या भांडत आहेत. तुम्ही देवाशी भांडत नव्हता, कारण तुमच्या मते तिथे कोणी नाहीच. मग तो बाण जाऊन लागला कोणाला? त्या जागी तुमच्यासमोर एकच व्यक्ती होती आणि तिचे डोळे मिटलेले होते.

नातेवाईक हसले आणि आईही हसली, हा तुमचा बचावाचा साक्षीदार मला फार भरवशाचा वाटत नाही. दहा माणसे हसत असताना अकराव्याने न हसणे याला जे धैर्य लागते, ते दिवसभराच्या ताणानंतर कोणाकडे उरलेले असते? शिवाय त्या हसण्याने तिला एक नवी माहिती मिळाली, ती ही की तिच्या सर्वांत उघड्या क्षणी मुलगा वाक्य तपासत होता. दार त्या माहितीने बंद झाले आहे, देवाच्या अपमानाने नव्हे, असा माझा कयास आहे. कयासच आहे, खात्री तुम्हाला तिच्याकडूनच करून घ्यावी लागेल.

विनोद आणि वाद यांची गाठ सुंदर कशी बसते, हेही पाहा. ११व्या शतकात अन्सेल्म नावाच्या धर्मचिंतकाने, ज्याहून मोठे काही कल्पिताच येत नाही ते अस्तित्वात असलेच पाहिजे, असा युक्तिवाद रचला. गॉनिलो नावाच्या दुसऱ्या एका साधूने त्याची थट्टा उडवली: मग ज्याहून उत्तम बेट कल्पिता येत नाही, असे एखादे हरवलेले बेटही समुद्रात असलेच पाहिजे! अन्सेल्मने उत्तर तर लिहिलेच, परंतु यापुढे आपल्या ग्रंथाच्या प्रतींना ती थट्टा आणि आपले उत्तर ही दोन्ही जोडावीत, अशी इच्छाही व्यक्त केली. तिथे थट्टा चालली, कारण अन्सेल्मने आपणहून एक युक्तिवाद चव्हाट्यावर ठेवला होता आणि त्याला उत्तर देण्याची सवड होती. २००५ साली अमेरिकेतील कॅन्ससच्या शिक्षण मंडळाला उद्देशून बॉबी हेंडरसन यांनी खुले पत्र लिहिले आणि उडत्या स्पॅगेटी राक्षसाने विश्व निर्माण केले, हेही विज्ञानाच्या तासाला शिकवा अशी मागणी केली, तेव्हाही समोर एक सार्वजनिक दावा होता, जीवसृष्टी कोणा बुद्धिमान कर्त्याने रचली हा, आणि तो मांडणाऱ्यांच्या हाती शाळांचा अभ्यासक्रम होता. अशा ठिकाणी टवाळी जरूर करावी. पुष्कळदा दुसरे कोणतेही शस्त्र तितके चालत नाही. मी स्वतःपुरता एक ठोकताळा वापरते, तो तुम्हालाही आणि तुमच्यासारख्या इतर वाचकांनाही देते. थट्टा ओठांवर आली की पाहावे, समोरच्याने दावा केला आहे की उसासा टाकला आहे, आणि त्याला उलट टोला हाणता येईल अशा स्थितीत तो आहे का. दोन्हींची उत्तरे अनुकूल असतील, तर खुशाल बोलावे.

आता तुमच्यापुढच्या वाटा. पटत नसताना मान डोलवण्याची वाट मी मुळीच सुचवणार नाही. तुमचे खोटे हात जोडणे आई एका नजरेत ओळखेल, आणि ती थट्टा आधीच्याहून वाईट ठरेल. आपल्या विनोदाचा तार्किक आशय तिला नीट समजावून सांगण्याची दुसरी वाट तुम्हाला मोहात पाडत आहे, हे तुमच्या साडेचार पानांवरून दिसते. समजावून सांगितलेला विनोद मरतो, आणि समजावून सांगितलेला घाव पुन्हा वाहू लागतो. काळावर सोडून देण्याची तिसरी वाट सर्वांत सोपी आहे, पण बंद दारांची घराला फार लवकर सवय होते.

उरते माफी. ती तर्काची नको, नास्तिकपणाची तर नकोच. ती वेळेची मागा. बहिणीला किंवा वडिलांना समोर न बसवता, एकदाच, एवढेच म्हणा: "आई, त्या दिवशी मी चेष्टा केली, ती वेळ नव्हती. तू किती घाबरली होतीस ते माझ्या लक्षातच आलं नाही." यात असत्य एकही नाही. त्याला 'पण' जोडू नका. 'पण माझा मुद्दा असा होता की' या शब्दांनी सुरू होणारी माफी म्हणजे अपील असते. आई कदाचित "अरे, मी कधीच विसरले" म्हणून विषय उडवून लावेल. लावू द्या. दार दुसऱ्या दिवशी उघडले नाही, तर ते उघडायला लावू नका. फार तर, ते उघडे असले तरी तुम्हाला त्रास होत नाही आणि तुम्ही बाहेर आपले काम करत बसाल, एवढे तिच्या कानावर घाला.

एक गोष्ट मात्र ठाम ठेवा. उद्या कोणी येऊन 'गोळ्या बंद करा, अमुक उपायाने हृदय शुद्ध होते' असे सांगू लागला, तर तिथे ना विनोद ना भिडस्तपणा. तिथे स्पष्ट नकार, आणि गरज पडली तर तुमची साडेचारही पाने. तो दावा आहे, त्याची किंमत वडिलांनी मोजायची आहे, आणि ती वही पाहता आई त्या वेळी तुमच्याच बाजूला उभी असेल अशी माझी अटकळ आहे. आणि ज्यांची मुले अशी टवाळी करतात, अशा श्रद्धाळू वाचकांनाही जाता जाता एक सांगते: बोचले असेल तर दार लावून घेण्याऐवजी "आत्ता नको" असे दोन शब्द बोलून दाखवा. मुलाला तर्क येतो, मन वाचता येत नाही.

शेवटी एक अगदी किरकोळ सूचना. तुमच्या पत्रावरून दिसते की संध्याकाळची गोळीही सात वाजताचीच आहे, म्हणजे ती देण्यासाठी आईला प्रार्थना मध्येच सोडून उठावे लागत असणार. ती गोळी उद्यापासून तुम्ही देत चला. वहीत खूण करायला तेवढे विसरू नका. ती नंतर पट्टी उलटी करून घरे मोजणारच आहे.